वाढता हात



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "विजेने भाजलेले लहान मुलांचे हात." पलीकडून जरा वेळाने आवाज आला, "डॉक्टरसाहेब, संध्याकाळचं व्याख्यान आहे, लोक सहकुटुंब येतात. काही हलकंफुलकं जमेल का?" मी म्हटलं, सहकुटुंब येतात म्हणूनच हा विषय. ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिली आहे त्या गुरुजींनी हयातभर इंदूरच्या मुलांची अक्षरं वळणदार केली. मुलाच्या हाताबद्दल तासभर बोललेलं त्यांनी ऐकून घेतलं असतं. फार तर मधून मधून माझं शुद्धलेखन तपासलं असतं.

मी प्लास्टिक सर्जन आहे. हा माणूस नाक-डोळे नीट करत असणार, असा लोकांचा समज असतो. माझं बरंचसं आयुष्य मात्र भाजलेल्या माणसांत गेलं, आणि त्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते मुलांच्या हातांनी. वॉर्डात कोण दाखल झालंय ते पाहून मला महिना सांगता येतो. जानेवारीत पतंगवाले येतात: आठ ते चौदा वर्षांची मुलं, गच्चीवरून, तारेत अडकलेला पतंग लोखंडी सळईने काढायला गेलेली. मांजावर धातूची भुकटी असेल तर सळईचीही गरज लागत नाही. एप्रिल-मे म्हणजे कूलर. पत्र्याचा कूलर, अर्थिंगचा पत्ता नाही, आई बादलीने पाणी भरतेय, फरशी ओली, आणि दीड-दोन वर्षांचं उघडं मूल जाळीला हात लावून उभं. पाऊस सुरू झाला की धार, झाबुआ, बडवानी, खरगोनकडची मुलं येतात. शेतातल्या मोटरची वायर, तिला जागोजाग मारलेले जोड, कुंपणाच्या तारेत उतरलेला करंट, नाहीतर उघडी डीपी. भाद्रपदात मांडव आणि उंच झांक्या. बारा महिने चालू असतं ते घरातलं: एक्स्टेन्शन बोर्ड आणि चालू ठेवलेल्या चार्जरचं मोकळं टोक.

घरातली वीज २३० व्होल्टची. "घरचाच करंट होता, साहेब," असं वडील सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडा दिलासा असतो. त्यावर मी त्यांना शाळेतलं गणित घालतो. त्वचा कोरडी आणि जाड असली की ती विजेला लाखभर ओहमपर्यंत विरोध करते. तीच ओली झाली की विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. म्हणजे घट्टे पडलेल्या कोरड्या हातातून जातात सव्वादोन मिलिअँपिअर आणि ओल्या हातातून दोनशे तीस. आणि दोन वर्षांच्या मुलाचे हात बहुधा ओलेच असतात. एक तर तोंडात असतात, नाहीतर नुकतेच तोंडातून निघालेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं, की धरलेली तार आपण होऊन सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी सोळा आणि बायकांत साडेदहा मिलिअँपिअर आहे. मुलांत ती आणखी खाली असणार. त्यापुढे स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत. मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, त्यामुळे मूठ आवळली जाते. आई ओरडत असते, "सोड, सोड ना रे!" तो काय सोडणार?

इथे एक गैरसमज आहे, तो आजच मोडायचा आहे. लोक सांगतात, आमच्याकडे एमसीबी बसवलेला आहे. सोळा अँपिअरचा एमसीबी पडायला सोळा हजार मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जावा लागतो. मुलातून गेलेले दोनशे तीस त्याच्या खिजगणतीतही नसतात. तो भिंतीतली वायर जळू देत नाही, एवढंच त्याचं काम. मुलाला वाचवणारा डबा वेगळा, आरसीसीबी नावाचा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडतो. तोही सर्वशक्तिमान नाही. मुलाने सॉकेटच्या दोन्ही भोकांत एकेक पिन घातली तर प्रवाह एका पिनेतून जातो, दुसरीतून परत येतो, फरक पडत नाही आणि डबा गप्प राहतो. त्यासाठी आतून झाकण असलेलं सॉकेट लागतं. दोन्हींची किंमत मिळून एका बऱ्या मोबाइलच्या जवळपासही जात नाही. कूलरला तीन पिनांचा प्लग असतो, त्यातली अर्थिंगची जाड पिन मिस्त्रीने कापून टाकलेली असते, कारण सॉकेट दोन भोकांचं होतं. मी घरोघरी हे पाहिलं आहे, डॉक्टरांच्या घरीसुद्धा.

या लहान व्होल्टेजच्या जखमा फसव्या असतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांशी डाळीच्या दाण्याएवढा करडा खळगा, कडा किंचित उचललेल्या, मधोमध कोरडा. रक्त नाही, फोड नाही, आणि मूल रडतही नाही, कारण तिथली संवेदना सांगणाऱ्या शिराच जळालेल्या असतात. घरचे ट्यूब लावतात, कोणी टूथपेस्ट फासतं. आठ-दहा दिवसांनी खपली निघते आणि खाली पांढरी, चकचकीत दोरी दिसते. ती बोट वाकवणारी स्नायुरज्जू. उघडी पडलेली रज्जू वाळते, वाळली की मरते. एवढ्याशा बोटात कातडी आणि हाड यांच्या मध्ये जागाच किती असते? म्हणून माझं सांगणं असं, की विजेचा डाग हरभऱ्याएवढा असला तरी त्याच दिवशी दाखवा. हृदयाचा आलेख काढून घ्या, आणि बोटाचं पुढे काय करायचं ते ठरवू द्या.

आता मोठी वीज. आपल्या वस्त्यांमधून अकरा हजार व्होल्टची लाइन जाते, आणि रेल्वेच्या डोक्यावर आता पंचवीस हजारांची. या तारांना हात लागावाच लागतो असं नाही. जवळ गेलं की मधल्या हवेतून ठिणगी उडी मारते. मालगाडीच्या डब्यावर पतंगासाठी चढलेल्या मुलाने तारेला स्पर्श केलेला नसतो, त्याने फक्त हात वर केलेला असतो.

अशी मुलं आमच्याकडे येतात तेव्हा बघ्यांचं लक्ष चेहऱ्याकडे आणि जळालेल्या कपड्यांकडे जातं. आम्ही मनगट बघतो. वीज हातातून वर चढते तेव्हा मनगटापाशी तिची वाट अरुंद होते. तिथे मांस थोडं. हाड, रज्जू, शिराच जास्त. उष्णता तिथे साठते. हाड तापतं आणि त्याला चिकटलेला खोल स्नायू आतून भाजतो, तर वरची कातडी कोपरापर्यंत धडधाकट दिसते. मूठ आवळलेली, मनगट आत वळलेलं, तळवा काळा नाहीतर पांढराफटक, बोटं गार. मी त्या मुलाचं मधलं बोट अलगद सरळ करायला जातो. तो किंचाळला तर मला बरं वाटतं. किंचाळला नाही तर काळजी वाटते.

आत काय चाललेलं असतं? भाजलेले स्नायू सुजतात. त्यांच्याभोवतीचं पांढरं आवरण ताणत नाही. आतला दाब वाढत जातो आणि उरलेसुरले चांगले स्नायूही रक्ताविना गुदमरतात. साधारण सहा तास हा प्रकार चालला तर ते परत येत नाहीत. म्हणून त्या रात्रीच, बहुतेक वेळा ओळखपाळखही व्हायच्या आत, हात तळव्यापासून कोपरापर्यंत उभा चिरून मोकळा करावा लागतो. आवरण कापलं की स्नायू जखमेतून वर उसळून येतात. लाल असले, चिमटा लावल्यावर आकसले, कडेने रक्त आलं, तर ते जिवंत. फिके, मऊ, हलतच नाहीत, तर मेलेले. मधल्या रंगाचे काही असतात, त्यांच्याबद्दल त्या रात्री कोणी शहाणपणा करू नये. दोन दिवसांनी पुन्हा उघडून पाहायचं, मेलेलं काढायचं, पुन्हा दोन दिवसांनी पाहायचं.

इकडे लघवीकडे लक्ष ठेवायचं. मेलेल्या स्नायूंतलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. ते मूत्रपिंडात अडकलं तर हात वाचवता वाचवता मूल जायचं. भाजण्याचे टक्के कातडीवर मोजून सलाइन ठरवायची आमची नेहमीची रीत इथे कामाची नाही. कातडी पाच टक्के भाजलेली असते आणि आतलं नुकसान त्याच्या कितीतरी पट. सलाइन लघवी पाहून चालवायचं, ती पुन्हा स्वच्छ होईपर्यंत.

हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं, व्हायला हवं. हात उभा चिरायला प्लास्टिक सर्जन लागत नाही. शिकलेला कुठलाही सर्जन ते करू शकतो. पण मूल "इंदूरला न्या" असं म्हणून गाडीत घातलं जातं, आणि सहा तासांतले चार रस्त्यावर जातात. आपलं शहर औषधोपचाराचं जुनं ठाणं आहे. १८७८ साली इथे वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ साली तिच्या जागी महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आलं, त्याला जोडलेलं एमवाय रुग्णालय म्हणजे सगळ्या माळवा-निमाडचं हक्काचं ठिकाण. चोइथराम रुग्णालयातल्या डॉ. शोभा चमानियांनी भाजलेल्यांवरचे उपचार करत असतानाच परिचारिका आणि खेड्यातले डॉक्टर यांना शिकवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, ते मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. पहिले सहा तास त्या खेड्यातल्या डॉक्टरच्या हातात असतात.

आता थोडं आपल्या मुंबईकरांबद्दल. भाजलेल्या जखमा झाकायला महागडी आवरणं परदेशातून येत, तेव्हा मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून वापरल्या आणि १९८५ साली त्यावर निबंध छापला. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग तपासून पाहिलं. पान जखमेला चिकटत नाही, बदलताना मूल ओरडत नाही, आणि किंमत जवळजवळ शून्य. २००० साली त्याच रुग्णालयात त्यांनी त्वचापेढी सुरू केली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरची पातळ कातडी काढतात, ती ग्लिसरॉलमध्ये चार अंशांवर पाच वर्षांपर्यंत टिकते, रक्तगट जुळवावा लागत नाही. नेत्रदान आपल्याला पाठ आहे. त्वचादान म्हटलं की लोकांना देह विद्रूप होईल असं वाटतं. कातडीचा अगदी वरचा थर जातो, तोही कपड्याखालच्या भागातून, आणि वर पट्टी बांधून देतात.

पण विजेच्या हाताला केळीचं पान पुरत नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. ते वरवरच्या भाजण्यासाठी. मनगटावर रज्जू आणि शिरा उघड्या पडल्या असतील तर तिथे साधी कातडीही लावून चालत नाही. ती हाडाला आणि रज्जूला चिकटून बसते आणि बोटं हलत नाहीत. तिथे चरबीसकट जाडजूड, स्वतःच्या रक्तवाहिन्या असलेली कातडी हवी. तिला आम्ही फ्लॅप म्हणतो. हल्ली सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून मांडीची कातडी एका बैठकीत मनगटावर बसवता येते. पण विजेने हातातल्या रक्तवाहिन्या आतून पोळलेल्या असतात, लहान मुलात त्या आधीच काडीएवढ्या, त्यामुळे कितीदा तरी जुनीच वाट धरावी लागते. ग्लासगोच्या मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ साली दाखवलेला जांघेचा फ्लॅप. जांघेतली कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून तिचं दुसरं टोक हातावर शिवायचं आणि हात तीन आठवडे जांघेला बांधून ठेवायचा. तेवढ्यात हाताकडून नवीन रक्तपुरवठा तयार होतो, मग तोडून मोकळं करायचं.

बोलायला सोपं आहे. सहा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे हात जांघेला शिवलेल्या अवस्थेत ठेवून बघा. पहिले चार दिवस झोप नाही. पाचव्या दिवशी तो डाव्या हाताने मोबाइलवर खेळ खेळायला लागतो आणि पंधराव्या दिवशी स्टँडसकट वॉर्डभर फिरून इतरांच्या ड्रेसिंगवर मतं देतो. आईची मान मात्र सगळे दिवस त्याच्या कुशीवर वाकलेली. आणि या फ्लॅपच्या पुढच्या गमती पुस्तकात एका ओळीत असतात. पोटाजांघेची कातडी हातावर गेली तरी आपला स्वभाव सोडत नाही: मुलगा अंगाने भरला की त्याचा तळवाही लठ्ठ होतो. चौदाव्या वर्षी जांघेत केस येतात तसे तळहातावर येतात. असा एक मुलगा वर्गात हात खिशातून काढत नसे. शस्त्रक्रिया आमच्या मते उत्तम झाली होती.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथून सुरू होतं. मूल वाढतं आणि व्रण वाढत नाही. मोठ्या माणसाचा हात आपण एकदा नीट केला की तो तेवढाच राहतो. पाच वर्षांच्या मुलाचा हात सोळाव्या वर्षापर्यंत जवळपास दीडपट लांब होतो, आणि व्रणाची पट्टी तळव्यात दोरीसारखी ताठ राहते. हाड वाढू पाहतं, व्रण त्याला खाली ओढतो, बोट आत वळत जातं. सहाव्या वर्षी पूर्ण उघडणारी मूठ नवव्या वर्षी अर्धी उघडते, यात कोणाची चूक नसते. ती पुन्हा सोडवावी लागते, नवी कातडी घालावी लागते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी उंची एकदम वाढते तेव्हा पुन्हा. हात कापावाच लागला तरी वाढ पाठ सोडत नाही. हाडाच्या मधोमध कापलं तर मुलाचं हाड टोकातून टोकदार वाढत राहतं, खुंटाच्या कातडीला आतून भोसकतं आणि पुन्हा कापावं लागतं. म्हणून मुलात शक्यतो सांध्यातूनच कापतात. वाचवण्याइतकाच कापण्यातही पुढच्या दहा वर्षांचा विचार असतो.

जखडलेली बोटं सोडवण्याचं एक अस्सल देशी साधन मुंबईचे हस्तशल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी दिलं. जगभर ते त्यांच्या नावाने 'जेस' म्हणून ओळखलं जातं. हाडांत बारीक तारा घालायच्या, बाहेरून त्या हलक्या दांड्यांना जोडायच्या, आणि रोज एक-दोन फेरे देत सांधा हळूहळू उघडायचा. एका दिवशी जोर करून उघडलं तर रक्तपुरवठा तुटतो. रोज अर्धा-एक मिलिमीटर दिलं तर शिरा, वाहिन्या, कातडी सगळं मागोमाग लांबतं. फिरकी आईलाही शिकवता येते.

शस्त्रक्रियेनंतरचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून त्यावर कोणी व्याख्यान देत नाही. मी देणार आहे, पाच मिनिटं. हात बांधून ठेवायची एक ठरलेली ठेवण असते. मनगट किंचित वर, बोटं मुळाशी काटकोनात वाकलेली, पुढे सरळ, अंगठा बाजूला. या ठेवणीत सांध्यांची बंधनं ताणलेली राहतात आणि आखडत नाहीत. तळवा भाजलेला असेल तर उलट, सगळी बोटं सरळ आणि पसरलेली. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत घालायचं, कारण दोन वर्षांचं मूल कोपराखालचं प्लास्टर मोज्यासारखं काढून टाकतं. मग स्प्लिंट, रात्रभर, कित्येक महिने. मग घट्ट बसणारा हातमोजा, दिवसाचे तेवीस तास, वर्ष-दीड वर्ष, व्रणाचा लाल रंग जाईपर्यंत. इंदूरच्या मेमध्ये बेचाळीस अंशांत हा मोजा घालून बसा म्हणावं आम्हाला. आणि मूल वाढतं, त्यामुळे मोजा चार महिन्यांत आखूड होतो आणि नवा शिवावा लागतो. विमा आणि आयुष्मानसारख्या योजना शस्त्रक्रियेचं पॅकेज देतात. चौथा मोजा कोण देणार, याला कुठल्याच अर्जात रकाना नाही.

वर्तमानपत्रं दुसऱ्या टोकाची बातमी देतात, आणि ती खरोखर थक्क करणारी आहे. २०२२ साली मुंबईची एक शाळकरी मुलगी अलीगढला नातेवाइकांकडे गेलेली असताना गच्चीवर खेळताना अकरा हजारांच्या तारेला लागली. उजवा हात खांद्यापासून गेला. सप्टेंबर २०२४मध्ये परळच्या रुग्णालयात डॉ. निलेश सातभाई आणि त्यांच्या पथकाने तिला वलसाडच्या एका नऊ वर्षांच्या मृत मुलीचा हात खांद्याशी जोडला. त्याआधी, जानेवारी २०२३मध्ये, आपल्याच इंदूरच्या बावन्न वर्षांच्या एका बाईंचे हात त्यांच्या घरच्यांनी दान केले, ते विमानाने मुंबईला गेले आणि भरूचच्या, जन्मतःच हात अपुरा असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या कामी आले. मूत्रपिंड आणि यकृतासाठी ग्रीन कॉरिडॉर करायची या शहराला सवय आहे. हात देणं याला वेगळी छाती लागते. तो उघड दिसतो, आईचा म्हणून ओळखू येतो.

पण बातमीत न येणारा भाग सांगतो. जोडलेल्या हातात नवी शीर दिवसाला मिलिमीटरभर सरकते. खांद्यापासून बोटापर्यंत अर्धा मीटर धरलं तरी दीड वर्ष. तोवर रोज व्यायाम, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर. हे सगळं ज्या घराला झेपतं तिथे हा चमत्कार आहे. ज्या घराला चौथा मोजा झेपत नाही त्याला हातातला उरलेला अंगठा आणि एक बोट जपून देणं हा माझ्या मते जास्त उपयोगाचा चमत्कार. अंगठा आणि समोर टेकणारं काहीतरी, एवढं असलं की पेन धरता येतं, बटण लावता येतं, भाकरीचा तुकडा मोडता येतो.

कायद्याकडे वळतो, कारण नुकसानभरपाईचे कागद आमच्याच टेबलावरून जातात. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत लिहिलेलं होतं, की अकरा हजारांची तार इमारतीपासून आडव्या रेषेत किमान १.२ मीटर आणि गच्चीच्या वर ३.७ मीटर असली पाहिजे. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या नियमांतही हेच आकडे आले. दहा वर्षांच्या मुलाचा हात अर्ध्या मीटरहून थोडा जास्त, त्यात मीटरभर सळई. १.२ मीटर तिथेच संपले. आणि हे तार नियमाने गेली असेल तर. आपल्या वस्त्यांत आधी तार असते, मग घर येतं, मग घराला छज्जा फुटतो. तारेजवळ बांधकाम करणाऱ्याने वीज कंपनीला आधी कळवावं, असाही नियम आहे. किती जणांनी कळवलंय, हात वर करा म्हटलं तर सभागृह शांत राहील.

जबाबदारी कोणाची, याचा निकाल आपल्याच राज्यातल्या प्रकरणात लागला आहे. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी, सर्वोच्च न्यायालय, ११ जानेवारी २००२. रात्री सायकलवरून घरी जाणारा माणूस पावसाच्या पाण्यात पडलेल्या तारेने गेला. मंडळाचं म्हणणं, कोणीतरी चोरून वीज घ्यायला आकडा टाकला होता, त्यात आमचा काय दोष? न्यायालयाने ऐकलं नाही. इतकी घातक वस्तू जो वाहून नेतो, तिने केलेल्या इजेची भरपाई त्याने द्यायची, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसायचं कारण नाही. दुसरं प्रकरण हरियाणातलं, चार वर्षांच्या मुलाचं. नोव्हेंबर २०११मध्ये त्याचे दोन्ही हात आणि एक पाय गेले. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी साठ लाख दिले, खंडपीठाने त्यात काटछाट केली, आणि १७ डिसेंबर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने साठ लाखांचा हुकूम पुन्हा उभा केला. कृत्रिम हात मुलाला एकदा बसवून भागत नाही. मूल वाढेल तसा तो बदलत न्यावा लागतो. म्हणून अशा मुलांच्या पालकांना माझं सांगणं असतं, की पहिल्या दिवशीच पोलिसांत नोंद करा, जागेचे आणि तारेचे फोटो काढा, आणि डॉक्टरकडून पुढच्या सगळ्या शस्त्रक्रियांचा अंदाज लेखी मागून घ्या. डॉक्टर लोक तो द्यायला टाळाटाळ करतात, मलाही कंटाळा येतो. मागे लागा.

शेवटी एका माणसाची आठवण करायची आहे. डॉ. नोशीर अंतिया. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरी रुजवली, कुष्ठरोग्यांचे आखडलेले हात सोडवले, आणि मग रायगड जिल्ह्यात मांडव्याला जाऊन गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. सर्जन मंडळींना तेव्हा हे विचित्र वाटलं होतं. मुलांच्या हातांच्या बाबतीत मला ती वाट रोज पटत चालली आहे. स्प्लिंट नीट बसलाय का, बोट कालच्यापेक्षा वळलंय का, मोजा आखूड झालाय का, हे पाहायला इंदूरला यायची गरज नाही. झाबुआच्या आशा कार्यकर्तीला दोन तासांत शिकवता येतं. एका आजीने मला विचारलं होतं, "डॉक्टर, हात तर बरा झाला, मग दर महिन्याला कशाला बोलावता?" त्या पुढच्या महिन्यात आल्या नाहीत. नातू तीन वर्षांनी आला, तळव्यात चिकटलेल्या तीन बोटांसकट.

तेव्हापासून आम्ही तारीख देण्याची पद्धत बदलली आहे. दर महिन्याचा ठोकळा काढून टाकला. शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुटीत, म्हणजे शाळा बुडत नाही. भगोरियाच्या सणाच्या आठवड्यात कोणी येणार नाही, तेव्हा बोलवायचंच नाही. मधल्या तपासण्यांसाठी केसपेपरवर तारखेआधी गावाच्या हाटाचा वार लिहून घेतो. त्या दिवशी घरातलं कोणी ना कोणी गावातून बाहेर पडणारच असतं, आणि हाटाच्या ठिकाणी आमची फिजिओथेरपिस्ट मुलगी महिन्यातून एकदा बसते. तिच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि मोज्यांचं कापड, एवढ्या दोन गोष्टींसाठी बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पैशांखेरीज शिवणकाम येणाऱ्यांनीही त्यात नाव लिहावं. बोटांची मापं कशी घ्यायची ते ती शिकवेल.